मदत हवी आहे: इंग्रजी व्याकरणातल्या ॲडव्हर्बियलचे (कसं, कुठे, केव्हा, का हे सांगणाऱ्या भागाचे) प्रकार नक्की ओळखायचे कसे?

ॲडव्हर्ब आणि ॲडव्हर्बियल वेगळे, म्हणजे एक शब्दाची जात आणि दुसरं वाक्यातलं काम, इथपर्यंत ठीक आहे. कंजंक्टपण सोपं, 'हाउएव्हर', 'देअरफोर' मागचं वाक्य पुढच्याला जोडतात, संपलं. घोळ ॲडजंक्ट (वाक्यातल्या क्रियेबद्दल सांगणारा) आणि डिसजंक्ट (अख्ख्या वाक्यावर बोलणाऱ्याची टिप्पणी) यांच्यात होतोय. 'ही स्पोक फ्रँकली' मध्ये तो कसा बोलला ते कळतं, म्हणून ॲडजंक्ट, पण 'फ्रँकली, ही इज लेझी' मध्ये फ्रँक (म्हणजे मोकळेपणाने बोलणारा) तो नाही, वाक्य बोलणारा आहे, म्हणून डिसजंक्ट. मग 'ही इज ॲट होम, बिकॉज द लाइट इज ऑन' याचं काय? लाइट चालू आहे म्हणून तो घरी आहे असं थोडीच आहे, ते तर बोलणाऱ्याचं अनुमान झालं ना, मग 'बिकॉज'पासूनचा हा अख्खा क्लॉज (उपवाक्य) डिसजंक्ट धरायचा का? 'इट इज बिकॉज द लाइट इज ऑन दॅट ही इज ॲट होम' असं करून बघितलं तर अर्थच बिघडतो, ही टेस्ट दरवेळी चालते का?

आणि 'शी पुट द की ऑन द टेबल' मधून 'ऑन द टेबल' काढलं की वाक्य लंगडं पडतं, तरी काहीजण त्याला ॲडव्हर्बियल म्हणतात, काही कॉम्प्लिमेंट (वाक्य पुरं करायला लागणारा भाग). परीक्षेत काय लिहायचं? कुणीतरी उदाहरणं देऊन सांगा प्लीज, नुसत्या व्याख्या नकोत.