परतीची रिकामी फेरी कोण मोजतं?
आयटीमुळे पुण्यातल्या कॅबवाल्यांचं भलं झालं, असं बरेच जण म्हणतात. मी हिंजवडी-वाकड पट्ट्यातच गाडी चालवतो. 2020 मध्ये ऑफिसं घरून सुरू झाली, आयटीवाल्यांचे पगार चालू राहिले. आमची कमाई थांबली आणि गाडीचं कर्ज डोक्यावर राहिलं. आता गर्दी परत आलीये, पण सकाळी हिंजवडी आयटी पार्कच्या फेज 3 ला कुणाला सोडलं की परतीचं भाडं मिळेलच असं नाही. त्या रिकाम्या फेरीचा सीएनजी माझ्याच खिशातून जातो. सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं रोज माझ्या गाडीत बसतात, आपुलकीनं बोलतात. त्यांना मी हेच विचारतो, ही परतीची रिकामी फेरी कोण मोजतं? केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत ॲपवरून कॅब देणाऱ्या कंपन्यांना भाड्याचा किमान 80 टक्के वाटा चालकाला द्या, असं सांगितलं होतं. मग प्रवाशानं किती दिले आणि मला किती आले, हे प्रत्येक फेरीनंतर दोघांच्याही मोबाइलवर दिसलंच पाहिजे.