मदत हवी आहे: २० पट लेव्हरेजला (आपल्या पैशाच्या २० पट मोठा सौदा) किती टक्के लावायचे? (तातडीचं)

टॉवेलवाला_सोलापूर:
काल रात्री डोजमध्ये (डोजकॉइन, क्रिप्टो) लाँग होतो, म्हणजे भाव वाढेल यावर सौदा. पहाटे चहाला बसलो आणि बघतो तर लिक्विडेशनचा मेसेज, म्हणजे तारण संपलं म्हणून एक्सचेंजने सौदा बंद केला. ६० हजार गेले, खात्यात ११४ रुपये. स्टॉपलॉस लावूनसुद्धा! आता परत ४० हजार टाकायचेत. २० पटला दर सौद्याला किती टक्के लावू? आकडा सांगा, ग्यान नको. रात्रपाळीला लूमवर असतो, सारखा फोन बघता येत नाही.

कडकभाकरी:
क्रॉस होतं (सगळं खातं तारण) की आयसोलेटेड (फक्त लावलेले पैसे तारण)? एन्ट्री, स्टॉप काहीच न सांगता आकडा कसला मागताय?

टॉवेलवाला_सोलापूर:
आधीपासून जे होतं तेच. क्रॉस दिसतंय. २० हजार लावले होते.

हिशेबनीस:
२० हजार, २० पट, म्हणजे ४ लाखांचा सौदा. क्रॉसमध्ये खात्यातले बाकीचे ४० हजारही तारण. तरी ६० हजार साफ व्हायला भाव १४-१५ टक्के पडावा लागेल. तेवढा पडला का?

टॉवेलवाला_सोलापूर:
नाही, आठेक टक्के. मधे दोन टक्के खाली आल्यावर अजून २० हजार लावले होते ना, अ‍ॅव्हरेज करायला.

हिशेबनीस:
हे आत्ता सांगताय! मग ८ लाखांचा सौदा ६० हजारांवर. स्टॉप का नाही लागला?

टॉवेलवाला_सोलापूर:
वाजला की. पण लूमच्या खडखडाटात ऐकू आला नाही.

कडकभाकरी:
वाजला?? अहो तो प्राइस अलर्ट. स्टॉपलॉस वाजत नसतो, सौदा कापून मोकळा होतो.

मून_बे:
काय घाबरता बे. मी ५० पटवर खेळतो. ४० हजारांवर एक-एक टक्का खेळून कधी श्रीमंत होणार? ५ टक्के रिस्क घे बिनधास्त.

हिशेबनीस:
५ टक्क्यांनी लागोपाठ १० सौदे चुकले तर ४० हजारांचे २४ राहतात. १ टक्क्याने ३६. तुमचे १० कधी चुकले नाहीत का?

मून_बे:
माझी स्ट्रॅटेजी वेगळी आहे.

जुळेसोलापूर:
२०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, विकताना १ टक्का टीडीएस वेगळा. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. सीएला विचारा.

कडकभाकरी:
तो फ्युचर्सचं (कॉइन न घेता नुसता भावावरचा सौदा) विचारतोय. आणि नफा कुठाय ओ त्याला?

हिशेबनीस:
टॉवेलवाले, तुमचा प्रश्नच उलटा आहे. २० पट आधी ठरवून टक्के काढू नका. एका सौद्यात किती गेले तर झोप लागेल ते ठरवा. ४० हजारांचा १ टक्का ४०० रुपये. स्टॉप २ टक्के खाली असेल तर ४०० भागिले ०.०२, म्हणजे २० हजारांचा सौदा. ५ पटला ४ हजार अडकतील, २० पटला हजार. स्टॉप लागला की दोन्हीकडे ४००च जाणार, वर फी. स्टॉप ४ टक्के लांब असेल तर सौदा १० हजारांचा. फी आणि दर काही तासांचं फंडिंग (लाँग आणि शॉर्टवाल्यांनी एकमेकांना द्यायचे पैसे) पूर्ण सौद्यावर बसतं, लावलेल्या पैशांवर नाही. आणि खाली आल्यावर भर घालायची नाही.

गड्डा_रिटर्न:
चाळीस हजारांत बायकोला सोनं घ्या की. आमच्याकडं आज पाचव्या दिवशी नळाला पाणी आलंय, तुमचं काय चाललंय!

कडकभाकरी:
आमच्याकडं कालच आलं. ते ४० हजार कुठले पण, टॉवेलवाले?

टॉवेलवाला_सोलापूर:
भिशीचे. माझा नंबर लागला.

कडकभाकरी:
म्हणजे पुढचे हप्ते भरायचेच आहेत. घरात माहीत आहे?

टॉवेलवाला_सोलापूर:
ते सोडा ओ. हिशेबनीस, क्रॉसचं आयसोलेटेड करायचं बटण कुठंय? दाबलं तर लाल अक्षरात काहीतरी येतंय.

हिशेबनीस:
बऱ्याच ठिकाणी सौदा चालू असताना मोड बदलता येत नाही. काही चालू आहे का?

टॉवेलवाला_सोलापूर:
डोज. पण १० पटच.