हेंड्रीचं राज्य मोडलेल्या क्यूने संपवलं, की त्यानेच शिकवलेल्या खेळाने?

काळा_स्पॉट:
स्नूकरपटू स्टीफन हेंड्रीचं नाव निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "२००३ मध्ये विमानप्रवासात क्यू (खेळायची काठी) मोडला आणि बिचारा संपला." ऐकायला करुण आहे, पण तारखा जुळत नाहीत.

१९९० ते १९९९ या काळात सात विश्वविजेतेपदं, १९९०-९१ पासून सलग आठ मोसम जागतिक क्रमांक एक. उतार लागला तो क्यू धडधाकट असताना. १९९७ ची फायनल केन डोहर्टीकडून १८-१२ अशी हरला. १९९८ मध्ये क्रूसिबलला, म्हणजे विश्वस्पर्धा होते त्या सभागृहात, पहिल्याच फेरीत जिमी व्हाइटने १०-४ असं घरी पाठवलं. त्याच वर्षी यूके चॅम्पियनशिपमध्ये मार्कस कॅम्पबेलकडून ९-०. हो, नऊ-शून्य. २००० मध्ये गतविजेता म्हणून आला आणि क्रूसिबलला नवख्या स्टुअर्ट बिंगहॅमकडून १०-७ हरला. हे सगळं त्याच लाडक्या जुन्या क्यूने.

आणि क्यू मोडल्यावर? त्याच मोसमात ब्रिटिश ओपनच्या फायनलमध्ये रॉनी ओ'सलिव्हनला ९-६ हरवलं, यूकेची फायनल गाठली, २००५ मध्ये माल्टा कप जिंकला. २००६-०७ मध्ये पुन्हा क्रमांक एक.

माझं म्हणणं असं: हेंड्रीला हेंड्रीच्याच पद्धतीने हरवलं. त्याच्या आधी फ्रेम (एक डाव) जिंकायची म्हणजे सुटे रेड उचलायचे, तीस-चाळीस गुण करायचे, व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा चेंडू) बॉक कुशनला, म्हणजे काळ्याच्या विरुद्ध टोकाच्या कडेला, नेऊन लपवायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहायची. स्टीव्ह डेव्हिसने सहा विश्वविजेतेपदं याच शिस्तीवर उभारली. हेंड्रीने ब्रेक (सलग पॉट करत गुण घेणं) सुरू झाल्या झाल्या निळ्यावरून पॅक (रेडचा घट्ट गठ्ठा) फोडायला सुरुवात केली. निळा पॉट करताना व्हाइट थेट किंवा कुशन घेऊन पॅकमध्ये घालायचा आणि तिथून टेबल रिकामं करूनच उठायचं. जॉन हिगिन्स, मार्क विल्यम्स आणि ओ'सलिव्हन, तिघांचाही जन्म १९७५ चा, तिघेही १९९२ मध्ये व्यावसायिक झाले. हे बघतच ते मोठे झाले. १९९८ पर्यंत हेंड्रीची मक्तेदारी असलेली गोष्ट दौऱ्यावरच्या निम्म्या मुलांना येत होती.

अ‍ॅशवुड:
क्यूला इतकं सहज बाजूला सारू नका. तो चाळीस पौंडांचा साधा क्यू होता, पण पोरवयापासून हातात. महाग-स्वस्त हा मुद्दाच नाही.

अ‍ॅशच्या लाकडाचे दोन क्यू एकसारखे कधीच नसतात. लांबी ५७-५८ इंच, वजन १७-१८ औंस, टिप (क्यूचं चामडी टोक) साडेनऊ मिलिमीटर असं सगळं हुबेहूब जुळवलं तरी तीन गोष्टी हातून निसटतात. एक, पुढच्या दोन फुटांतला ताठपणा. तो रेषांच्या दाटीवर आणि निमुळतेपणावर ठरतो. दोन, तोल. वजन तेच असून तोलबिंदू एखादा इंच पुढे सरकला तरी टोक जड वाटतं आणि मागचा झोका आखडतो. तीन, आणि हे सगळ्यात वाईट, साइड (आडवी फिरकी) दिल्यावर व्हाइट किती ढकलला जातो. साइड दिला की व्हाइट आधी उलट बाजूला थोडा सरकतो आणि मग जमल्यास वळून येतो. शाफ्ट (क्यूचा दांडा) बदलला की हे सरकणं बदलतं. वीस वर्षं डोळ्याने नकळत जी वजाबाकी केलेली असते ती चुकायला लागते. सरळ शॉट ठीक जातात, लांबून साइड घेऊन मारलेला रेड पॉकेटच्या जबड्यात अडखळतो.

मोडलेला अ‍ॅश चिकटवता येतो, पण चिकटवलेल्या जागी कंप थांबतो आणि हाताला चेंडू लागल्याची जी खबर मिळते ती मिळत नाही. म्हणून व्यावसायिक खेळाडू चिकटवलेला क्यू भिंतीवर लावतो, खेळायला घेत नाही.

काळा_स्पॉट:
सगळं मान्य, पण यातलं काहीही १९९८ च्या ९-० ला लागू होत नाही. आणि नव्या क्यूने काही आठवड्यांत ओ'सलिव्हनला फायनलमध्ये हरवणारा माणूस वजाबाकी विसरला होता म्हणता?

मधला_पॉकेट:
तुम्ही दोघेही क्यूच्या लाकडावर भांडताय. बिघाड हातात होता. हेंड्रीने स्वतः जाहीरपणे सांगितलंय की कित्येक वर्षं त्याला क्यू चेंडूतून पुढे नेताच येत नव्हता. गोल्फमध्ये याला यिप्स म्हणतात, आता स्नूकरवालेही तोच शब्द वापरतात.

नेमकं काय होतं ते सांगतो, कारण "फॉर्म गेला" या दोन शब्दांखाली सगळं झाकलं जातं. नीट फटक्यात क्यू मागे सावकाश जातो, क्षणभर थांबतो आणि पुढे येताना वेग वाढत वाढत टिप चेंडूच्या पलीकडे जाते. यिप्समध्ये चेंडू लागण्याच्या ऐन आधी मागची मूठ आवळली जाते. मूठ आवळली की क्यूची शेपटी उचलली जाते किंवा कोपर लवकर पडतं, वेग तिथेच मरतो आणि टिप ठरवलेल्या जागेच्या केसभर बाजूला लागते. परिणाम दुहेरी. न मागितलेला साइड लागतो म्हणून पॉट चुकतो. आणि खाली मारूनही व्हाइट मागे येत नाही, जागेवरच घुटमळतो, कारण स्क्रूला (व्हाइट मागे खेचणाऱ्या फटक्याला) लागणारी फिरकी क्यूच्या वेगातून येते, ताकदीने ढकलण्यातून नाही.

ओळखायची कसोटी सोपी आहे. निळा त्याच्या स्पॉटवर, व्हाइट कोपऱ्यातल्या पॉकेटच्या सरळ रेषेत, मध्ये दोन-अडीच फूट अंतर. निळा पॉट करून व्हाइट जागीच थांबवायचा. थांबला पण भोवऱ्यासारखा फिरत राहिला तर टिप मध्यावर लागलेली नाही. मग हाच शॉट स्क्रू करून व्हाइट आल्या रेषेने परत आणायचा. यिप्सवाला इथे उघडा पडतो.

काळा_स्पॉट:
यिप्स इतकेच जबर होते तर २००२ च्या एकाच विश्वस्पर्धेत १६ शतकं कशी झाली? विक्रम होता तो. सेमीफायनलला ओ'सलिव्हनला १७-१३ हरवून फायनलला गेला आणि पीटर एब्डनकडून १८-१७, शेवटच्या फ्रेममध्ये हरला. हात गेलेल्या माणसाची ही आकडेवारी आहे?

मधला_पॉकेट:
शतक सांगतं की पहिला रेड गेल्यावर पुढे काय झालं. पहिला रेड किती वेळा चुकला हे शतकांच्या यादीत कुठे दिसतं?

काळ्याभोवती ब्रेक चालू असताना फटके दीड-दोन फुटांचे, बहुतेक स्टन (फिरकीविना मारलेला फटका) किंवा हलका स्क्रू. तिथे आखडता हातही निभावून नेतो. खरी परीक्षा बॉक कुशनला चिकटलेल्या व्हाइटवरून, क्यू थोडा उचलून, दहा फुटांवरचा रेड मारताना. हेंड्रीचा अख्खा खेळ त्या एका शॉटवर उभा होता. तो रेड गेला की मागून निळा, पॅक, शतक. तो रेड चुकला की चेंडू पसरलेले आणि समोर हिगिन्स. त्याच्या ३६ रँकिंग विजेतेपदांतली (ज्या स्पर्धांचे गुण क्रमवारीत धरतात) फक्त चार १९९९ नंतरची आहेत. क्यू, हात, स्पर्धक, काहीही म्हणा, पण पहिला लांब रेड जायचा थांबला हे मूळ.

बॉकएंड:
काळा_स्पॉट यांचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. पॅक फोडणं सगळ्यांनी उचललं, हो. पण हिगिन्स आणि विल्यम्स वरचढ ठरले ते डेव्हिसचा खेळ टाकून न दिल्यामुळे. हेंड्रीच्या सेफ्टीमागे (बचावाच्या फटक्यांमागे) विचार एकच: मला लांब रेड मिळेल अशी जागा कधी येते? हिगिन्सची सेफ्टी समोरच्याला तो रेडच दिसू नये म्हणून. हिरव्या किंवा तपकिरी चेंडूमागे व्हाइट दडवायचा, दिसलाच तर कुशनला चिकटलेला. आक्रमण उधार घेतलं, बचाव घरचा ठेवला.

पॅक फोडण्यातही सुधारणा झाली. निळ्यावरून व्हाइट जोरात येतो, पॅक छान उघडतो, पण व्हाइट कुठे थांबेल याचा भरवसा कमी. पॅकला भरून लागला तर तिथेच चिकटतो. गुलाबी स्पॉटवर असेल तर गुलाबी आणि पॅकच्या बेचक्यात जाऊन बसतो आणि पुढचा रेडच दिसत नाही. म्हणून व्हाइटने पॅकचा कडेचा किंवा टोकाचा रेड अर्धाच घ्यावा लागतो. काळ्यावरून हलका कोन ठेवून दोन-तीन रेड सोडवणं कमी नेत्रदीपक, पण व्हाइट काळ्याच्या आसपास राहतो. पुढच्या पिढीने शक्य तिथे हाच रस्ता धरला.

दुसरं, हिशेब. सगळे रेड काळ्याबरोबर घेतले तर दहा रेड-काळ्यांचे (१+७) ८० होतात आणि टेबलावर ६७ उरतात. फ्रेम तिथेच संपते, बाकी टाळ्यांसाठी. हेंड्रीला टाळ्याही हव्या असायच्या. १९९७ ला चॅरिटी चॅलेंजच्या फायनलमध्ये ओ'सलिव्हनविरुद्ध ८-८ असताना निर्णायक फ्रेममध्ये १४७ (एका ब्रेकमधले कमाल गुण) मारणारा माणूस आहे हा. त्या स्वभावाला पन्नास मिनिटांची गुंत्यातली फ्रेम सोसवत नाही.

पेठेतला_खडू:
मला यात तंत्र कमी आणि भूक जास्त दिसते. आधुनिक काळात रे रिअर्डन आणि डेव्हिस दोघांची विश्वविजेतेपदं सहा-सहा. १९९९ ला मार्क विल्यम्सला १८-११ हरवून सातवं आलं, विक्रम झाला. मग काय राहिलं? १९९२ ला व्हाइटविरुद्ध ८-१४ वरून सलग दहा फ्रेम घेणारा, १९९४ ला डाव्या कोपराच्या हाडाला चीर असताना १८-१७ जिंकणारा हेंड्री १९९९ नंतर दिसला का कुठे?

अ‍ॅशवुड:
डावा हात उजव्या खेळाडूचा ब्रिजचा (क्यूला टेकू देणारा) हात, झोक्याचा नव्हे. भार पडतो, दुखतं, पण फटका बिघडत नाही. शौर्य आहेच, फक्त त्यातून भुकेचं गणित मांडू नका.

पेठेतला_खडू:
ठीक. पण मग २००२ च्या फायनलमध्ये ती भूक होती म्हणा किंवा नव्हती म्हणा, एक काहीतरी ठरवा.

बॉकएंड:
"२००६-०७ मध्ये पुन्हा क्रमांक एक" यावरही बोलायचं राहिलं. तेव्हा क्रमवारी वर्षातून एकदाच, मागच्या दोन मोसमांच्या गुणांवरून लागायची. २००५-०६ मध्ये हेंड्रीने एकही रँकिंग स्पर्धा जिंकली नाही. क्रूसिबलला पहिल्याच फेरीत नायजेल बाँडकडून १०-९, तेही शेवटच्या फ्रेममध्ये गुण समान होऊन काळा पुन्हा स्पॉटवर ठेवल्यावर. आणि तरीही क्रमांक एक! हा सातत्याचा हिशेब आहे, वर्चस्वाचा नाही. पुराव्यात तो धरू नये.

काळा_स्पॉट:
वर्चस्व म्हणत नाहीये मी. पण नव्या क्यूने दोन वर्षं सतत उपांत्य-अंतिम फेऱ्या गाठणारा माणूस क्यूमुळे "संपला" कसा, एवढंच विचारतोय. २००४ ब्रिटिश ओपन फायनल हिगिन्सकडून ९-६, २००५ वेल्श ओपन फायनल ओ'सलिव्हनकडून ९-८. समोर कोण आहे बघा जरा.

मधला_पॉकेट:
आणि त्या दोन फायनलच्या मध्ये २००४ ची क्रूसिबल सेमी ठेवा की राव. म्हणजे, तारखेने जरा आधीची. ओ'सलिव्हन १७-४. एक सत्र शिल्लक असताना सामना संपला.

नवा_क्यू:
थोडं विषयांतर. हेंड्रीसारखं निळ्यावरून पॅक फोडणं आपल्याकडच्या क्लबात का जमत नाही? व्हाइट पॅकपर्यंत पोचतो आणि नुसता टेकतो.

अ‍ॅशवुड:
जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-पुण्यात तर नाहीच जमणार. व्यावसायिक स्पर्धेत टेबलाच्या पाटीखाली हीटर असतात, कापड कोरडं आणि बारीक विणीचं असतं. आपल्याकडे पावसाळ्यात कापड ओल धरतं, चेंडू जड चालतो, कुशन मेलेली असते. ताकद वाढवून भागवायला गेलात की पॉट चुकतो. दोन उपाय. निळ्याला कोन थोडा जास्त ठेवा, म्हणजे जोर व्हाइटमध्ये उरतो. नाहीतर निळा सोडा आणि काळ्यावरून दोन-दोन रेड सोडवा. आणि क्यू चिकट वाटला तर कोरड्या सुती फडक्याने जोरात पुसा, पावडर फासू नका, ती कापडावर उतरते.

मधला_पॉकेट:
शिवाय ताकद लावताना मूठ आवळता का ते कोणाला तरी बघायला सांगा. दहातल्या आठ जणांचा तोच घोटाळा असतो.

पेठेतला_खडू:
मूळ प्रश्नाकडे. २०१२ चं काय करायचं? क्रमवारीतल्या पहिल्या सोळांतून बाहेर पडल्यामुळे पात्रता फेरी खेळून क्रूसिबलला आला. बिंगहॅमविरुद्ध १४७ मारला, हिगिन्सला १३-४ धुतला आणि पुढच्याच सामन्यात स्टीफन मॅग्वायरकडून १३-२. त्याच रात्री निवृत्ती. क्यू तोच, हात तोच, स्पर्धकही त्याच पिढीतले.

काळा_स्पॉट:
माझ्या बाजूने धरा. हिगिन्सविरुद्ध पहिला रेड गेला, मॅग्वायरविरुद्ध नाही गेला. ज्याच्याकडे पहिल्या रेडशिवाय दुसरी योजना नाही त्याचे निकाल असेच टोकाचे लागणार. डेव्हिसने २०१० मध्ये ५२ व्या वर्षी क्रूसिबलला हिगिन्सला हरवलं ते सेफ्टीवर. हेंड्री ४३ व्या वर्षी थांबला, कारण कमी पॉट करून जिंकायचं कसं हे त्याने कधी शिकूनच घेतलं नव्हतं.

मधला_पॉकेट:
पहिला रेड का गेला नाही, हे मात्र तुम्ही अजूनही सांगत नाही आहात.

बॉकएंड:
२०२१ ला वाइल्डकार्डवर परतला तो सामना बघा, जिब्राल्टर ओपन, मॅथ्यू सेल्टविरुद्ध. ४-१ हरला आणि त्या एका फ्रेममध्ये शतक. ते शतक बघताना काळा_स्पॉट खूश होतील. बाकीच्या चार फ्रेम मधला_पॉकेट यांनी बघाव्यात, लांब रेड मारताना मागची मूठ कॅमेऱ्यात नीट दिसते.