मदत हवी आहे : मोहरीचे तेल घरातून पूर्ण बंद करावे का?

रानजाई :
लग्नानंतर गेली नऊ वर्षे मी कोलकात्यात राहते. आमच्याकडे शुक्तोपासून (कडसर मिश्र भाजी) माशाच्या झोलापर्यंत (पातळ रस्सा) सगळा स्वयंपाक मोहरीच्या तेलातच होतो. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी हे तेल बंद करायला सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे, की शोर्षे-इलिश (मोहरीच्या वाटणातला इलिश मासा) 'शादा तेला'त करायचे असेल, तर तो मासा घरात आणूच नये. (रिफाइंड तेलाला इथे शादा, म्हणजे पांढरे, तेल म्हणतात.) इंटरनेटवर कोणी मोहरीच्या तेलाला हृदयाचे औषध ठरवतो, तर कोणी विष. शनिवारी महिन्याचे सामान भरायचे आहे, तेव्हा कोणते तेल आणावे एवढेच कृपया लवकर सांगा.

मुचकुंद :
हे पथ्य कोणासाठी आहे, त्यांचे वय काय, आजार कोणता, घरात माणसे किती आणि महिन्याला तेल किती लागते, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. डॉक्टरांचे नेमके शब्दही कळवा. 'मोहरीचे तेल बंद करा' आणि 'तेल बंद करा' या दोन अगदी वेगळ्या सूचना आहेत.

तिरफळ :
आमच्या रत्नागिरीच्या घरी चार पिढ्या खोबरेल तेलावर जेवल्या आणि माझे आजोबा एक्क्याण्णवाव्या वर्षापर्यंत आगर शिंपत होते. आपण घाण्यावरचे खोबरेल तेल आणा आणि निश्चिंत व्हा.

वाटसरू :
खोबरेल तेलात सुमारे नव्वद टक्के संपृक्त मेद (कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी) असतो आणि मोहरीच्या तेलात तो दहा टक्क्यांच्या आसपास असतो. हृदयविकाराची शंका असू शकेल अशा घरात हा बदल सुचवणे मला धोक्याचे वाटते. लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल आणावे. आम्ही साताऱ्याकडे तेच वापरतो.

मुचकुंद :
वाटसरू, शेंगदाणा तेल चांगले आहे, परंतु त्यात ओमेगा-3 (हृदयाला उपयुक्त मानले जाणारे मेदाम्ल) जवळजवळ नसते. मोहरीच्या तेलात ते दहा टक्क्यांच्या आसपास मिळते. जे तेल त्या मातीत पिकते आणि ज्याच्यावर तिथली पाककृती उभी आहे, ते पुरेसे कारण असल्याखेरीज काढून टाकू नये, असे माझे ठाम मत आहे.

दीपमाळ :
पुरेसे कारण आहे. मी न्यू जर्सीत राहते. इथल्या भारतीय दुकानात मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर 'केवळ बाह्य वापरासाठी' असे छापलेले असते, कारण त्यातील इरुसिक आम्ल या मेदाम्लामुळे अमेरिकेत ते खाद्यतेल म्हणून विकता येत नाही. एखादा देश असा नियम उगाच करत नाही.

मुचकुंद :
नियम खरा आहे, पण त्यामागचा पुरावाही पाहायला हवा. आपल्याकडील पारंपरिक मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असते. हे आम्ल भरपूर खाऊ घातलेल्या उंदरांच्या हृदयाच्या स्नायूंत चरबी साचलेली आढळली आणि त्यानंतर, 1970च्या दशकात, कॅनडात हे आम्ल अत्यल्प असलेले कॅनोलाचे (मोहरीच्या कुळातील तेलबियांचे) वाण तयार झाले. मात्र उंदराच्या शरीराला हे आम्ल नीट जाळता येत नाही, आणि माणसांत तसाच अपाय होतो हे सिद्ध झालेले नाही. युरोपीय संघानेही मर्यादा घालताना इतर वनस्पती तेलांसाठी 2 टक्के, तर मोहरीच्या तेलासाठी 5 टक्के असा फरक केला आहे. सावधगिरी समजू शकते, पण यावरून त्या तेलाला विष म्हणता येत नाही.

पारिजात :
लसूण घालून कडकडीत तापवलेल्या मोहरीच्या तेलाने गुडघे चोळल्यास फार आराम पडतो. माझ्या आईला हिवाळ्यात याचाच उपयोग होतो.

रानजाई :
पारिजात, आभार, परंतु प्रश्न खाण्याच्या तेलाचा आहे. मुचकुंद, राहिलेली माहिती देते. पथ्य सासऱ्यांचे आहे. त्यांचे वय 68 असून दोन महिन्यांपूर्वी त्यांना स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला आहे. घरात आम्ही चौघे आहोत आणि पाच लिटर तेल महिनाभर पुरते. ते आमच्या पाड्यातल्या (मोहल्ल्यातल्या) घाणीवरून सुटे आणतो.

मुचकुंद :
स्टेंटची गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती. पाच लिटर म्हणजे माणशी दिवसाला सुमारे 41 मिलिलिटर, चहाचे आठ चमचे. आहारतज्ज्ञ साधारणपणे माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगतात. त्या हिशेबाने तुमच्या घरी दोन लिटर पुरायला हवे. तेलाचे नाव बदलून हा फरक भरून निघणार नाही.

वाटसरू :
सुट्या तेलाबद्दल मात्र मी आग्रहाने सांगतो. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखे दिसते आणि त्याच्या तेलाची भेसळ झाल्यास पाय सुजतात, हृदय निकामी होऊ शकते. 1998 साली दिल्लीत याच भेसळीने माणसे दगावली. घाणीवाला ओळखीचा आणि प्रामाणिक असला, तरी त्याच्याकडे आलेले बी कुठून आले ते त्यालाही ठाऊक नसते. मोहरीच्या तेलात दुसरे खाद्यतेल मिसळून विकण्यावर जून 2021पासून बंदी आहे, तेव्हा सीलबंद कच्च्या घाणीचे (बी न तापवता काढलेले) तेल घ्यावे.

तिरफळ :
म्हणजे घाण्याचे तेल वाईट आणि कारखान्याचे चांगले, असेच ना?

वाटसरू :
तसे मी म्हटलेले नाही. आमचा घाणा माझ्या डोळ्यांसमोर चालतो आणि शेंगाही आमच्याच शेतातल्या असतात.

रानजाई :
डॉक्टरांकडे मी गेले नव्हते, यजमान गेले होते. आज त्यांच्याकडून कागद मागून घेतला. त्यावर 'तेल कमी, तळलेले वर्ज्य' असे लिहिले आहे. मोहरीचे नावही नाही. दरम्यान, स्वयंपाकघरात जे चालते ते मी आज नीट पाहिले. इलिशचे तुकडे तळून झाल्यावर कढईत उरलेले, हळदीने पिवळे झालेले तेल सासूबाई वाटीत काढतात. त्यातले दोन चमचे बाबांच्या गरम भातावर पडतात आणि बाकीच्यात दुसऱ्या दिवशी बेगुन भाजा (वांग्याचे तळलेले काप) होते. आजवर हे मला तेल वाटलेच नव्हते, तो माशाचाच भाग वाटायचा.

मुचकुंद :
मग सुरुवात त्या वाटीपासून करावी, कारण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणे सर्वांत वाईट. इलिश तळूच नये, भापा (वाफवलेला) करावा. मोहरीचा झणका पूड किंवा बी पाण्यात वाटले की उठतो, त्यासाठी कढईभर तेल लागत नाही. मोहरी हिरव्या मिरचीसोबत आणि मिठासह वाटली तर कडू होत नाही, हे सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. फोडणीला एक चमचा तेल वापरावे आणि उतरवताना अर्धा चमचा कच्चे तेल वरून सोडावे. तापवल्यावर वास उडतो, वरून घातलेल्यात तो टिकतो. स्टेंट असल्यामुळे एकूण प्रमाण मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दीपमाळ :
मी मात्र महिन्याआड तेल बदलण्याच्या बाजूने आहे, परंतु त्या वाटीबाबत मुचकुंद यांच्याशी सहमत आहे.

रानजाई :
सासूबाईंना कागद वाचून दाखवला. मोहरीचे नाव नाही हे ऐकून त्यांनी तो दोनदा हातात घेऊन पाहिला. शनिवारी सीलबंद दोन लिटर आणत आहे. भापा इलिश त्या करणार आहेत, पण भातावरच्या तेलाबद्दल त्या अजून काही बोललेल्या नाहीत.