खाडीकाठच्या वाड्यांचा ट्रॅव्हल सर्व्हे : जे जातच नाहीत त्यांना कसं मोजायचं?

खाडीपल्याडची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी एमए भूगोलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाला विषय घेतलाय ग्रामीण भागातलं ट्रॅव्हल बिहेवियर आणि सार्वजनिक वाहतुकीचं नियोजन, आणि क्षेत्र म्हणजे आमचाच उत्तर रत्नागिरीतला खाडीकाठ. गावांची नावं मुद्दाम देत नाहीये, वाड्या एवढ्या छोट्या आहेत की नाव घेतलं की माणूस ओळखू येतो.

सरांनी सांगितलंय की गूगल फॉर्म बनव, ४०० जणांकडून भरून घे, कुठे जाता, कशाने जाता, किती वेळ लागतो, किती पैसे पडतात, आणि मग त्यावर लॉजिट मॉडेल (समोरच्या पर्यायांतला कुठला निवडला जाईल याची शक्यता काढणारं गणित) लाव म्हणजे एसटी, वडाप (शेअर जीप) आणि दुचाकी यातलं लोक काय निवडतात ते कळेल. वाचायला ठीक वाटतं, पण गावात फिरून आल्यापासून डोकं चालेनासं झालंय. वरच्या वाडीतून स्टॉपवर यायचं तर पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून मग साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) ओलांडून यायचं, दुपारची गाडी बंद झालीये, मग बायकांनी काय केलंय तर बाजाराला जाणंच कमी केलंय. महिन्याचं एकदम आणतात नाहीतर कोणाच्या बाइकवर निरोप पाठवतात. एका आजींची बीपीची गोळी संपली होती तर म्हणाल्या मुलगा रविवारी येईल तेव्हा आणेल. दोन मुलींनी बारावीनंतर कॉलेज घेतलंच नाही कारण संध्याकाळी परतीची गाडी नाही. आता या सगळ्यांना "तुम्ही कशाने जाता" विचारलं तर उत्तर एकच, जात नाही. आणि फॉर्ममध्ये ते कुठे लिहायचं?

माझ्या मते प्रबंधाचा खरा विषय हाच आहे. पण न केलेला प्रवास मोजतात कसा, परीक्षकांपुढे टिकेल अशी काही पद्धत आहे का? ४०० चा आकडा कुठून येतो? एसटीकडून कुठला डेटा मागता येतो? आणि आमच्याकडे फेरीबोट पण आहे, ती कशात धरायची? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

मार्गस्थ

ताई, विषय अगदी योग्य पकडलात, सोडू नका. मी ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगमध्येच संशोधन करतो त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी हे बघा की फॉर्ममध्ये "जात नाही"ला जागा का नसते. वाहतूक नियोजनाची जी पाठ्यपुस्तकातली चार टप्प्यांची पद्धत आहे, म्हणजे किती ट्रिपा निघतात, कुठून कुठे जातात, कुठल्या साधनाने जातात आणि कुठल्या रस्त्याने जातात, ती १९५० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट, शिकागो अशा शहरांच्या अभ्यासांतून घडली. तेव्हा प्रश्न होता मोठे हायवे किती रुंद बांधायचे. त्या प्रश्नाला झालेली ट्रिप मोजली की पुरतं. घरातून न निघालेला माणूस रस्त्यावर गर्दी करत नाही म्हणून तो हिशोबातच येत नाही. पायी चालणारे पण कित्येक वर्षं असेच गळत राहिले. आपल्याकडे हीच पद्धत जशीच्या तशी उचलून वाड्यावस्त्यांना लावतात आणि मग निष्कर्ष निघतो की इथे मागणी कमी आहे. हे मला फार खटकतं, कारण त्या निष्कर्षावर पुढे गाड्या ठरतात.

तुम्हाला ज्याचा आधार घेता येईल तो म्हणजे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे भूगोलज्ञ टॉर्स्टेन हेगरस्ट्रांड. १९७० च्या आसपास त्यांनी टाइम जिओग्राफी मांडली. माणूस कुठे जातो यापेक्षा दिवसाच्या वेळेत त्याला कुठे जाऊन परत येणं शक्य आहे ते आधी काढा असं त्यांचं म्हणणं. बंधनं तीन प्रकारची. एक शरीराची आणि साधनांची, दुसरं अमुक वेळी अमुक माणसाबरोबर अमुक ठिकाणी असायलाच हवं याचं, आणि तिसरं नियमांचं, म्हणजे दवाखाना-ऑफिस किती वाजता उघडतं हे. तुमच्या वरच्या वाडीतली एक बाई घ्या. सकाळचं पाणी, डबा, गुरं उरकून ती ८ च्या आधी निघू शकत नाही, ओपीडी दुपारी बंद होते, पोरं शाळेतून यायच्या आत परत यायचंय, त्यात गाडीची वेळ बसवून बघा. बसलीच नाही तर तिच्यापुढे एसटी की वडाप अशी निवडच नव्हती. तुम्ही भूगोलाच्या आहात, त्यामुळे ही चौकट परीक्षकांना नवीन नसणार.

प्रत्यक्ष काम करताना प्रवासापासून सुरुवात करू नका, कामांपासून करा. बाजार, दवाखाना, रेशन, बँक, शाळा-कॉलेज, तालुक्याचं सरकारी काम, माहेर, मच्छी विकणं. प्रत्येक कामाला विचारा की गेल्या महिन्यात जायची गरज पडली होती का, गेलात का, नाही गेलात तर का, आणि मग ते काम कसं झालं, कोणी केलं, की राहूनच गेलं. "कोणी केलं" हे विसरू नका, कारण एका घरातल्या बाइकवाल्या पोराच्या ट्रिपा जास्त दिसतात त्यातल्या निम्म्या दुसऱ्यांच्या कामाच्या असतात.

त्याच्या जोडीला एका दिवसाची डायरी. आपल्याकडे एनएसओने (केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने) २०१९ मध्ये देशभर टाइम यूज सर्व्हे केला, त्यात ६ वर्षांवरच्या माणसांचा पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असा २४ तासांचा हिशोब अर्ध्या अर्ध्या तासाच्या पट्ट्यात घेतला होता. तोच साचा घ्या, प्रबंधात संदर्भ पण भक्कम राहतो. "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत" असं विचारलं की पाणी, लाकडं, शेत, काजूची बाग सगळं चालणं आपोआप येतं. २०११ च्या जनगणनेत कामाला कशाने जाता आणि किती लांब हे विचारलंय खरं, पण ते फक्त इतर कामगारांना. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले त्यात नाहीत, म्हणजे तुमच्या वाडीतले बरेचसे लोक बाहेरच. तरी तो तक्ता जोडा आणि काय सुटलंय ते लिहा.

४०० चं उत्तर : मोठ्या लोकसंख्येला ५ टक्के चूक धरली की साधारण एवढा आकडा येतो, पण त्यात गृहीत असं की माणसं अगदी रँडम निवडलीत. चार गावांतून ओळखीपाळखीने भरलेल्या ४०० फॉर्मना ते गणित लागू नाही. त्यापेक्षा रस्त्यापासूनच्या अंतराने वाड्या निवडा, काही स्टॉपला लागून, काही चढावर, काही खाडीच्या टोकाला, मग प्रत्येक वाडीतली घरं मोजून ठराविक अंतराने घर घ्या आणि घरातल्या सगळ्यांना विचारा. १२० घरं नीट झाली तरी काम वजनदार होईल. गूगल फॉर्म तर नकोच, जिथे रेंज येत नाही तिथली आजी तो भरणार नाही, आणि नातवाने भरला तर ती नातवाची उत्तरं.

टप्पा_सहा

मी एसटीतून रिटायर झालोय, वाहतूक नियंत्रक होतो, म्हणून डेटाचं मी सांगतो.

बाळा, गाडी चालू ठेवायची की बंद करायची हे मुख्यतः भारमान बघून ठरतं. म्हणजे जेवढ्या जागा धावल्या त्यातल्या किती भरल्या. आता खाडीकाठच्या गाडीचं काय असतं, सकाळी वस्तीची (रात्री गावात मुक्कामाला असलेली) गाडी तालुक्याकडे भरून येते आणि उलटी जाताना रिकामी जाते, सरासरी काढली की ती कमीच दिसते. दुसरं म्हणजे वेळ. शाळा सुटते साडेबाराला आणि गाडी सुटते बाराला, तर भारमान कमी येणारच आणि त्यात गावाचा काय दोष? म्हणून गाडीचं वेळापत्रक आणि शाळा, ओपीडी, बाजाराच्या वेळा शेजारी शेजारी मांडून बघ, अर्धी उत्तरं तिथेच मिळतील. हे मांडून घेऊन ये असं मी कितीतरी सरपंचांना सांगायचो.

तिकीट मशीनमधून कुठल्या टप्प्याहून (टप्पा म्हणजे भाडं मोजायचा पल्ला) कुठल्या टप्प्यापर्यंत किती तिकिटं फाटली ते निघतं. पण लक्षात ठेव, साध्या गाडीचा टप्पा ६ किलोमीटरचा, मधल्या वाडीत चढलेला माणूस मागच्या टप्प्याच्या नावावर पडतो. त्यामुळे कुठली वाडी कोरडी आहे हे तिकिटावरून कळणार नाही, त्यासाठी गाडीत बसून चढउतार मोजावी लागेल. सवलतीची तिकिटं मात्र तुझ्या फार कामाची. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, तेव्हापासून बायका किती चढल्या ते आकड्यात दिसायला लागलं. आधीच्या साध्या तिकिटावर बाई की पुरुष कळायचंच नाही. शाळेचे पास, मुलींचे बारावीपर्यंतचे मोफत पास, हे आकडे वेगळे माग.

आणि आधी-नंतर अशी तुलना करणार असशील तर सांभाळून. २०२० आणि २०२१ कोरोनात गेलं, मग ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत संप, त्या काळातले आकडे आधार म्हणून धरलेस तर पुढचं सगळं वाढलेलंच दिसेल. २०१९ मिळालं तर ते घे. आधी विभागीय कार्यालयात कॉलेजचं पत्र घेऊन जा, साधं बोलून काम होतं. नाहीच झालं तर माहिती अधिकार आहे. अर्जात मार्ग, फेरीची सुटण्याची वेळ आणि महिना स्पष्ट लिही, "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं तर अर्ज फिरत राहतो.

पऱ्ह्यावरची_आशा

मी आशा वर्कर आहे, घरोघरी फिरणं रोजचंच, म्हणून दोन गोष्टी. बाईला विचारायचं तर ती एकटी असताना विचार, घरात सासरा किंवा नवरा असला की तोच उत्तर देतो आणि तो म्हणतो आमच्या हिला कुठे जायची गरजच पडत नाही. गरज पडते गं, गरोदरपणाच्या तपासणीला कोण कधी गेली आणि कोणाची तारीख चुकली ते मला माहीत असतं, पण ती नावं मी तुला देणार नाही आणि तू पण मागू नकोस. तिला स्वतःला बोलू दे, बोलते ती.

दुसरं, जून-जुलैला येऊ नकोस, लावणीच्या दिवसांत कोणाला बोलायला वेळ नसतो, पण पावसातला प्रवास मोजायचाच असेल तर ऑगस्टमध्ये ये, पऱ्ह्याला (ओढ्याला) पाणी आलं की आमचा साकव बुडतो आणि दोन वाड्या तुटतात. मे, गणपती आणि शिमग्याला चाकरमानी येतात, प्रत्येक घरापुढे गाडी, त्या वेळेला विचारलंस तर सगळ्यांची सोय उत्तम आहे असंच लिहून नेशील.

खाडीपल्याडची

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचं वेळापत्रक शेजारी मांडायचं तर आज रात्रीच सुरू करते. ताई, तुमचं म्हणणं पटलं, नावं नाही मागणार. एकच अडकलंय, सर लॉजिट सोडायला तयार नाहीत. आणि फेरीबोटीचं कोणी बोललं नाही.

आकडेमोड

सरांचं पण चूक नाहीये, लॉजिट हे चांगलंच हत्यार आहे. डॅनियल मॅकफॅडन यांना २००० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली, त्याआधी सरकारी अंदाज होता की कामाला जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक ती वापरतील, मॅकफॅडनच्या मॉडेलने सांगितलं ६.३ आणि प्रत्यक्षात आले ६.२. पण तिथे लोकांसमोर खरोखर तीन-चार पर्याय होते. तुमच्याकडे अडचण पर्यायांच्या यादीची आहे. ज्या आजीला बाइक चालवता येत नाही आणि जिच्या वेळेला वडाप नसतं, तिच्या यादीत तुम्ही बाइक आणि वडाप ठेवलंत तर मॉडेल म्हणेल तिला एसटी आवडते. म्हणून प्रत्येक माणसाची यादी त्याच्या डायरीवरून वेगळी बनवा, आणि ज्यांच्या यादीत एकच पर्याय आहे त्यांना मॉडेलमधून बाहेर काढून त्यांची संख्या ठळक छापा. तो आकडा सरांना पण दाखवा.

मॉडेल दोन पायऱ्यांचं करा. पहिली पायरी, गरज होती तर गेली की नाही गेली. दुसरी पायरी, गेली तर कशाने. पहिल्या पायरीत स्टॉपपर्यंतची चढण, परतीची गाडी आहे का, घरात बाइक आहे का, वय, बाई की पुरुष एवढं घातलंत तरी तुमचा मुद्दा आकड्यात उभा राहील आणि सरांचं लॉजिट पण होईल. दुसऱ्या पायरीत लाल गाडी आणि वडाप एकाच रस्त्यावर, जवळपास त्याच वेळेला असतील तर ते एकमेकांचे जुळे पर्याय आहेत, साधं लॉजिट तिथे गंडतं. वडाप बंद झालं तर त्यातले बहुतेक लोक एसटीत जातील, पण साधं मॉडेल त्यांना बाइकवर पण त्याच प्रमाणात वाटून टाकतं. नेस्टेड लॉजिट वापरा, त्यात असे सारखे पर्याय एका गटात धरतात. सॉफ्टवेअर फुकट आहे, बायोजीम म्हणून आहे किंवा आर मध्ये अपोलो.

नवीन गाडी आली तर वापराल का हे विचारणार असाल तर नुसतं हो-नाही घेऊ नका, हो सगळेच म्हणतात. वेळ आणि भाडं बदलून दोन-दोन पर्यायांची चित्रांची कार्डं करा आणि त्यातलं एक निवडायला लावा.

टप्पा_सहा

फेरीबोटीचं राहिलंच की. दाभोळ-धोपावे घ्या नाहीतर जयगड-तवसाळ, बोट वाचवते ते रस्त्याचं लांबचं वळण, पण ज्याची स्वतःची गाडी नाही त्याला नुसतं पलीकडे उतरून काय उपयोग? म्हणून बोट वेगळं साधन धरू नकोस, पूर्ण प्रवासाचा एक तुकडा धर. जेटीवर उभी राहा, पहिली बोट, दुपारची आणि शेवटची, गाडीवाले आणि पायी उतरणारे वेगळे मोज, आणि पायी उतरणाऱ्यांना एवढंच विचार की पुढे कशाने जाणार आणि किती वेळ थांबावं लागतं. शेवटच्या बोटीच्या वेळेला पलीकडून एसटी आहे की नाही तेही लिहून घे. जेटीवाल्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगून ठेव, म्हणजे कोणी हटकणार नाही.