७२ तासांच्या आतल्या गोळ्या सांगलीत कुठं मिळतील? अर्जंट आहे

वारणाकाठ
बुधवार, सकाळी १०.४०

माझ्या मावसबहिणीवर सोमवारी रात्री साडेनऊच्या सुमारास जबरदस्ती झाली, ओळखीतलाच माणूस. तिचं वय २३. काल दिवसभर कुणाशी बोलली नाही, आज पहाटे मला फोन केला. आम्ही वाळवा तालुक्यात राहतो. सकाळी एका खाजगी दवाखान्यात गेलो तर म्हणाले आधी एफआयआरचा कागद आणा मग बघू, आणि ती तिथल्या बाकावरच रडायला लागली. तिला पोलिसात जायचं नाहीये अजून, घरी पण कुणाला माहीत नाही. एचआयव्ही होऊ नये म्हणून ७२ तासांत गोळ्या घ्यायच्या असतात असं वाचलं, त्या मेडिकलमधून आणू का? तिनं अंघोळ केलीय, कपडे पण भिजवलेत, आता काही उपयोग होईल का? प्लीज लवकर सांगा.

सिस्टर_मिरज
सकाळी १०.५२

ताई आधी गाडी काढा, बाकीचं वाटेत वाचा. सांगलीच्या सिव्हिलला कॅज्युअल्टीत जायचं, केसपेपर काढतानाच "पीईपी पाहिजे" म्हणायचं, म्हणजे तुम्ही म्हणताय त्याच एचआयव्ही रोखायच्या गोळ्या. ३७ तास झालेत, ७२ तास उद्या रात्री साडेनऊला भरतात, पण तोवर थांबायचं नसतं, पहिली गोळी जेवढी लवकर पडेल तेवढी कामाची. विषाणू शिरला तरी अंगभर पसरायला थोडा वेळ लागतो, त्या वेळातच गोळी त्याची वाढ अडवते. मेडिकलमधून मनानं आणू नका, आधी एचआयव्ही, कावीळ बी, किडनीचं रक्त तपासायला देतात, पण रिपोर्ट यायची वाट न बघता पहिला डोस देता येतो. टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर तिन्ही एकाच गोळीत, रोज एक, २८ दिवस. दिवस राहू नयेत म्हणूनची गोळी आणि कावीळ बी ची लस पण मागा.

एफआयआरशिवाय उपचार नाही हे साफ चूक आहे. सरकारी असो नाहीतर खाजगी, मोफत उपचार द्यायलाच लागतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम ३९७. पोलिसांना कळवणं हॉस्पिटलला भाग असतं, पण ती सज्ञान आहे, तक्रार द्यायची का नाही ते ती ठरवेल आणि त्यावरनं उपचार अडत नाहीत. तपासणीला पण ती नको म्हणू शकते. अंघोळ केली तरी चालतंय, या. न धुतलेलं काही असलं तर कागदी पिशवीत घाला, प्लास्टिकच्या नको.

कऱ्हाडकर७
सकाळी ११.०५

आधी त्या माणसाची एचआयव्ही टेस्ट करायला लावा ना, निगेटिव्ह आला तर पोरीला एवढ्या गोळ्या कशाला?

सिस्टर_मिरज
सकाळी ११.११

नाही दादा. तो सापडणार कधी, रिपोर्ट येणार कधी. शिवाय नुकतीच लागण झालेल्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. पोरीची गोळी त्याच्यासाठी थांबवायची नाही.

अजिंक्यताऱ्याखाली
दुपारी १२.३०

मी स्वतः घेतलीये, साताऱ्यात, दोन वर्षं झाली. पहिले चार-पाच दिवस मळमळायचं, डोकं जड व्हायचं, मी रात्री जेवण झाल्यावर घ्यायला लागले तसं बरं वाटलं. घरात कुणाला कळू नये म्हणून बाटली शिलाईच्या डब्यात, बॉबिनच्या खाली ठेवायचे आणि कालनिर्णयवर रोज पेन्सिलनं एक ठिपका. आई विचारायची हे ठिपके कसले, मी म्हणायचे दुधाचे. अकराव्या दिवशी सोडून द्यावं असं फार वाटलं, तेव्हा काउन्सेलर मॅडमना फोन केला, त्या अर्धा तास नुसतं ऐकत बसल्या. तर तिला सांगा मधेच सोडू नको. रक्तवाढीच्या, कॅल्शियमच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायचं, डोल्युटेग्राविरबरोबर एकदम घेतल्या तर तिचा असर कमी होतो. रात्री-अपरात्री काही विचारायचं झालं तर १०९७ लावा, एचआयव्हीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे. आणि तिला म्हणावं एका ताईनं विचारलंय, जेवलीस का.

वारणाकाठ
दुपारी ३.२०

पहिली गोळी २.२५ ला घेतली. कॅज्युअल्टीत आधी जरा टाळाटाळ झाली, मग सिस्टरांचं कलम ३९७ मोबाईलवरच वाचून दाखवलं, मोठ्या डॉक्टर बाईंनी आत घेतलं आणि दार लावून नीट बोलल्या. रक्त दिलंय, परत सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. तक्रारीचं दोन दिवसांनी बघू म्हणतेय, मी काही जोर केला नाही. अजिंक्यताऱ्याच्या ताई, तुमचं तिला वाचून दाखवलं. अर्धी भाकरी खाल्ली, आता माझ्या मांडीवर झोपलीय.