इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला भारी पॉवर कॉर्ड लावून आवाज खरंच सुधारतो का?

खारपाण_रसिक (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी. जुनी फुल-रेंज इलेक्ट्रोस्टॅटिक जोडी आहे (कोन नसतो, विजेनं भारलेला पातळ पडदा दोन जाळ्यांमध्ये हलून आवाज काढतो), खर्जासाठी वेगळा वूफर नाही. प्रत्येक स्पीकरला मागे पॉवरचं सॉकेट. आत साधा ट्रान्सफॉर्मर आणि डायोड-कपॅसिटरची शिडी, व्होल्टेज स्थिर ठेवणारं रेग्युलेशन कुठलंच नाही. अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा, १०० वॉटचा. सध्याच्या कॉर्ड ०.७५ चौरस मिमीच्या, दीड-दीड मीटर.

विक्रेता म्हणतो, चांदीचा मुलामा दिलेली शील्डवाली कॉर्ड लावा, आवाज मोकळा होईल. जोडीचे ४२ हजार सांगतो.

तक्रारी तीन. शेतीपंपांची पाळी सुरू झाली की आवाज दबतो. उन्हाळ्यापासून डावा स्पीकर उजव्यापेक्षा मंद वाजतो. आणि रात्री शांत गाणं चालू असताना बारीक टिक-टिक येते. घरात व्होल्टेज १८५ पासून मध्यरात्री २५५ पर्यंत हलतं. कॉर्डनं यातलं काय सुटेल?

उच्चदाब (यवतमाळ)

कॉर्ड घेऊ नका. कारण नीट समजून घ्या, त्यातच तुमच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर आहे.

इलेक्ट्रोस्टॅटिकच्या पॉवर कॉर्डमधून संगीत जातच नाही. संगीत येतं अ‍ॅम्पकडून, स्पीकरच्या तारेतून, आतल्या स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरमधून दोन्ही बाजूंच्या जाळ्यांवर. भिंतीतल्या विजेचं काम एकच: मधल्या पातळ पडद्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर बायस, म्हणजे कायमचा दाब, ठेवणं. क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या १९५७ सालच्या पहिल्या मॉडेलात तो खर्जाच्या पॅनेलला ६००० आणि वरच्या पट्टीच्या पॅनेलला १५०० व्होल्ट आहे. पडदा एकदा भारला की पुढे फक्त गळतीपुरता करंट लागतो, मायक्रोअँपिअरमध्ये.

आता हिशेब. एका स्पीकरनं ५ वॉट घेतले असं धरा, म्हणजे सुमारे २२ मिलिअँपिअर. दीड मीटरच्या ०.७५ कॉर्डचा जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम. त्यात पडणारं व्होल्टेज दीड मिलिव्होल्ट. बायस ५००० असेल तर त्यात फरक पडला ३ शतांश व्होल्टचा. शुद्ध चांदीची तार ओढली तरी यापेक्षा जास्त काही परत मिळवता येत नाही, कारण गमावलंच तेवढं होतं.

लाइनमधला गोंगाट म्हणाल तर बायस पडद्यापर्यंत पोचतो तो कोट्यवधी ओहमच्या रेझिस्टरमधून. तो रेझिस्टर आणि पॅनेलची कपॅसिटन्स मिळून इतका संथ फिल्टर होतो की ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर तिथेच मरते. थोडी उरलीच, तर दोन्ही जाळ्या पडद्याला सारख्याच जोरानं ओढतात. गाणं थांबलेलं असताना बायस हलला तरी पडदा मधेच राहतो, आवाज होत नाही.

तुमच्याकडे खरा गुन्हेगार आहे व्होल्टेज. रेग्युलेशन नसलेल्या पुरवठ्यात बायस लाइनच्या प्रमाणात वरखाली होतो आणि स्पीकरची संवेदनशीलता बायसच्या प्रमाणात. २३० चे १८५ झाले की जवळपास १.९ डेसिबल गेले. दोन्ही स्पीकर एकदम खाली जातात म्हणून कानाला ते 'दबलेलं' वाटतं. उलट २५५ ला बायस ११ टक्के वर चढतो. तेव्हा पडदा जाळीला चिकटणं, ठिणगी पडणं, फिल्मला भोक पडणं हे सगळं संभवतं. तुमच्यासाठी रात्रीचे २५५ हे दिवसाच्या १८५ पेक्षा जास्त धोक्याचे आहेत. मीटरवर २४५ च्या वर दिसलं की स्पीकरचे प्लग काढा.

उपाय: १ केव्हीएचा ऑनलाइन डबल-कन्व्हर्जन यूपीएस (लाइनची वीज आधी डीसी करून पुन्हा स्थिर एसी बनवणारा), शुद्ध साइन आउटपुटचा, आणि त्यावर फक्त दोन स्पीकर. अ‍ॅम्प त्यावर घालू नका, त्याला वेगळा स्टॅबिलायझर पुरतो. रिलेवाला स्टॅबिलायझर स्पीकरला लावला तर तो टप्प्याटप्प्यानं उडी मारतो आणि आवाजाची पातळी त्याच्यासोबत हलते.

घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर त्यावर हे स्पीकर लावू नका. डायोड-कपॅसिटरची शिडी भरते ती लाटेच्या शिखरापर्यंत. २३० व्होल्ट साइनचं शिखर ३२५, स्क्वेअरचं २३०. बायस थेट ७१ टक्क्यांवर येतो, ३ डेसिबल गुल. साधा मल्टिमीटर साइन गृहीत धरून आकडा दाखवतो, म्हणून तो तुम्हाला उलट जास्तच व्होल्टेज दाखवेल.

कानसेन (वर्धा)

हिशेब मान्य. पण कॉर्ड बदलल्यावर पहिल्या अर्ध्या तासात आवाज हळूहळू खुलत जातो, हे बऱ्याच जणांनी ऐकलंय. सगळे एकजात भ्रमात आहेत हे पटत नाही. शिवाय वूफर-अ‍ॅम्प आतच असलेले हायब्रिड मॉडेल (खर्ज साध्या वूफरमधून, वरचे सूर पडद्यातून) असतील तर कॉर्डमधून खरा करंट जातो.

उच्चदाब (यवतमाळ)

हायब्रिडचं बरोबर आहे. तिथे वूफरच्या अ‍ॅम्पला अँपिअरमध्ये करंट लागतो, कॉर्ड १.५ चौरस मिमीची आणि प्लग घट्ट बसणारा हवा. यापुढे पैसे घालण्यात अर्थ नाही. २ अँपिअरला दीड मीटरच्या १.५ कॉर्डमध्ये ०.०७ व्होल्टच पडतं. खांबापासून घरापर्यंत ४ चौरस मिमीची ४० मीटर अ‍ॅल्युमिनियम तार असेल तर त्याच करंटला तिच्यात १ व्होल्टहून जास्त पडतं.

आणि आवाज खुलत जाणं हा भ्रम नाहीच, लोकांनी ऐकलं ते खरं ऐकलं. कॉर्ड बदलायला स्पीकर बंद करावा लागतो, पडद्यावरचा भार उतरायला लागतो. नवी कॉर्ड लावली की तो पुन्हा चढतो, आणि दमट दिवशी किंवा जुन्या पॅनेलला पूर्ण चढायला बराच वेळ घेतो. तेवढा वेळ आवाज वाढत राहतो. जुनीच कॉर्ड काढून पुन्हा लावली तरी हेच ऐकू येईल. शिवाय काढघाल केल्यानं सॉकेटमधला काळवंडलेला कॉन्टॅक्ट घासून साफ होतो, त्याचंही श्रेय नव्या कॉर्डला जातं.

तुलना करायचीच तर अशी करा. स्पीकरपासून ठरलेल्या जागी मोबाइल स्टँडवर ठेवा, आवाज मोजायचं अ‍ॅप लावा, १ किलोहर्ट्झचा स्थिर सूर वाजवा. प्रत्येक कॉर्ड लावल्यावर अर्धा तास थांबा, मगच आकडा घ्या, आणि त्या क्षणाचं लाइन व्होल्टेज शेजारी लिहा. नंतर कॉर्ड तीच ठेवून १८५ आणि २३० ला मोजा. कुठे किती फरक पडतो ते कागदावरच दिसेल.

नुसत्या कानानं ठरवायचं असेल तर दुसऱ्या माणसानं नाणं उडवून कॉर्ड निवडावी, ऐकणाऱ्याला ती दिसू नये. १६ पैकी १२ वेळा ओळखता आली तर नशिबाचा भाग २५ त एकाहून कमी उरतो.

पाना_पक्कड (अकोट)

भाऊ, ते टिक-टिक साधारण सेकंदाला एक, एकसारखी येते का? तसं असेल तर कुंपणाचं झटका मशीन पाहा. रानडुकरं-रोह्यांसाठी रात्रीच लावतात, म्हणून टिक-टिक पण रात्रीच. तारेला गवत टेकलं किंवा इन्सुलेटर फुटला का ठिणगी पडते, अन् प्रत्येक ठिणगी अ‍ॅम्पच्या इनपुटच्या तारांमध्ये शिरते. पॉवर कॉर्डला किती बी शील्ड करा, हे त्या वाटेनं येतच नाही. अ‍ॅम्पवर सिलेक्टर रिकाम्या इनपुटवर फिरवा. टिक-टिक गेली तर ती सोर्सच्या वायरमधून येते. ती वायर आखूड करा, शील्डवाली घ्या. न गेल्यास अर्थिंग तपासा.

मशीनचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर पाहिजे. बरेच जण एकाच पाइपाला दोन्ही जोडतात. काहून? तर खड्डा खोदायचा वाचतो म्हणून. मग दर झटक्याला घराच्या अर्थचं व्होल्टेज उसळतं.

अर्थिंगचं दुसरं म्हणजे तुम्ही खारपाण पट्ट्यात, खाऱ्या जमिनी-पाण्याच्या भागात. ओली असली तर ही जमीन अर्थिंगला चांगली, पण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खाऊन टाकते. वरून पाइप ठणठणीत दिसतो, खाली नुसता गंज. अन् एप्रिल-मेमध्ये काळी भेगाळली का पाइपाभोवती पोकळी होते, मातीचा स्पर्शच राहत नाही. न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज पाहा, घरातला लोड चालू ठेवून. २-३ व्होल्टच्या वर असेल तर वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवा, ५ ओहमच्या आत यायला पाहिजे. नवीन करताना ३ मीटरचा कॉपर-बाँडेड (तांब्याचा थर दिलेला) रॉड घ्या, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. मीठ टाकू नका, जमिनीतच भरपूर आहे. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी सोडत जा.

टू-पिन अडॅप्टर कुठे लावला असेल तर तो आजच काढा. त्यानं अर्थ तुटते.

खारपाण_रसिक (दर्यापूर तालुका)

टिक-टिक सेकंदाची आहे आणि रात्रीच येते. शेजारच्या वावरात मशीन आहे, त्याचं अर्थिंग कुठे केलंय ते बघतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचाच निघाला.

डाव्याचं राहिलं. त्याच्या बाजूच्या खिडकीत कूलर आहे, पाणी बोअरचं. पलीकडच्या खोलीत कापूस भरलेला असतो. याचा संबंध असेल का?

उच्चदाब (यवतमाळ)

संबंध असण्याची शक्यता मोठी आहे. बोअरचं पाणी खारं, कूलरच्या ताट्यांमधून हवेसोबत त्याचे बारीक तुषार उडतात. पाणी सुकतं, मीठ मागे राहतं. ते पॅनेलच्या कडांवर आणि इन्सुलेशनवर बसलं की ओल धरतं, आणि बायस तिथून गळू लागतो. मायक्रोअँपिअरच्या पुरवठ्याला एवढी गळती पुष्कळ झाली. कापसाचे तंतूही भारलेल्या पॅनेलकडे ओढले जातात. समोरची पातळ धूळ-फिल्म फाटली असेल तर ते आत जाळीवर जाऊन बसतात आणि मग दमट हवेत सूं-सूं किंवा चिडचिड असा आवाज येतो.

आधी गळतीच आहे ना, ते ठरवा. दोन्ही स्पीकर अर्धा-एक तास चालू ठेवा. मोनो सूर हळू आवाजात वाजवा आणि दोघांची वीज एकाच बोर्डवरून एकाच वेळी बंद करा. अ‍ॅम्प चालूच राहू द्या. वीज गेली तरी भारावर दोन्ही वाजत राहतात आणि हळूहळू उतरतात. डावा लवकर उतरला तर गळती डाव्यात. दोन्ही बरोबरीनं उतरले आणि तरी डावा मंद असेल, तर बहुधा त्याचा बायस पुरवठाच कमी भरतोय. बहुतेक वेळा शिडीतला एखादा डायोड किंवा कपॅसिटर गेलेला असतो.

हा बायस साध्या मल्टिमीटरनं मोजू नका. १० मेगाओहमचा मीटर लावला की तोच पुरवठ्याला खाली ओढतो, आणि इतक्या व्होल्टेजला तो बनलेलाही नाही.

गळती निघाली तर कूलर दुसऱ्या खिडकीत न्या, झोत पॅनेलच्या अंगावर येता कामा नये. टाकीत गोडं पाणी भरा. ते जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर बाष्पीभवनानं खार वाढतच जातो. सफाईसाठी स्पीकर रात्रभर प्लग काढून आणि अ‍ॅम्पच्या तारा सोडवून ठेवा. मग मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमनं, सगळ्यात कमी जोरावर, बाहेरून धूळ ओढा. ओलं फडकं लावू नका, कंप्रेसरची हवा मारू नका. फिल्म काही मायक्रॉनचीच असते.

मागचं झाकण स्वतः उघडू नका. बायसचा करंट कमी असतो, पण स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे संगीताचेच हजारो व्होल्ट असतात आणि त्यांच्यामागे १०० वॉटचा अ‍ॅम्प उभा असतो. तो झटका जीव घेऊ शकतो.

धूळ-फिल्म फाटलेली दिसली तर कापूस विकला जाईपर्यंत दोन्ही स्पीकर बंद ठेवून चादरीनं झाका, आणि फिल्म इलेक्ट्रोस्टॅटिकचं काम करणाऱ्या माणसाकडूनच बदलून घ्या. सफाईनंतर, कूलर हलवून, कोरड्या हवेत दोन-तीन दिवस चालू ठेवूनही डावा लवकर उतरत असेल, तर मीठ आत पोचलंय. मग पॅनेल उघडून साफ करणं किंवा नवीन बसवणं एवढंच उरतं. ४२ हजारांतून आधी यूपीएस आणि अर्थिंग करा, उरलेले पॅनेलसाठी बाजूला ठेवा.